युद्धप्रचार आणि लोकमानस : दुसऱ्या महायुद्धातील नागपूर-विदर्भ

सैनिकाने गोळीला सामोरे जावे, शेतकऱ्याने धान्य द्यावे, कामगाराने रात्रपाळी करावी, घरच्यांनी महागाई सोसावी, यासाठी युद्धकाळात नुसता हुकूम पुरत नाही. हे युद्ध आपले आहे असे त्यांना वाटावे लागते. उलट शत्रूच्या सैनिकाला तेच युद्ध परके वाटू लागले, तर त्याच्या हातातील बंदूक असून नसल्यासारखी होते. लोकांचे समज, भावना आणि वागणूक युद्धाच्या हेतूने वळवण्यासाठी माहिती, प्रतीके आणि भीती यांचा जो ठरवून वापर केला जातो, त्याला युद्धप्रचार म्हणतात.

या प्रचाराचा श्रोता तीन प्रकारचा असतो. पहिला आपलाच माणूस. त्याचे मनोबल टिकवायचे असते. दुसरा शत्रू, त्याचे मनोबल खचवायचे असते. तिसरा कुंपणावर बसलेला. त्याला आपल्या बाजूस ओढायचे असते. बोलणारा आपली ओळख सांगतो की लपवतो, यावरूनही अभ्यासक प्रचाराचे तीन प्रकार मानतात. स्वतःच्या नावाने केलेला तो पांढरा प्रचार, कोण बोलते आहे हे संदिग्ध ठेवलेला तो करडा, आणि दुसऱ्याचे सोंग घेऊन केलेला तो काळा.

१९३९ ते १९४५ या काळात मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असलेल्या नागपुरात आणि आसपासच्या जिल्ह्यांत हे सारे प्रकार एकाच वेळी अनुभवास आले. सरकारला युद्ध जिंकायचे होते, स्वातंत्र्य चळवळीला राज्य घालवायचे होते आणि दोघांनाही लोकांची मने हवी होती. प्रचार कशामुळे लागू पडतो आणि कशामुळे वाया जातो, हे या प्रदेशातील सहा वर्षांच्या अनुभवातून नेमके कळते.

सरकारी यंत्रणा

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले. निवडून आलेल्या प्रांतिक मंत्रिमंडळांना विचारण्यात आले नव्हते. नोव्हेंबरमध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली. नागपुरातील रविशंकर शुक्ल यांचे मंत्रिमंडळही त्यांत होते. प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. पुढच्या सरकारी प्रचाराचा पाया इथेच कच्चा राहिला. ज्या लढाईबद्दल विचारले गेले नाही, ती आपली आहे असे लोकांना पटवून द्यायचे होते.

या कामासाठी साधने मात्र भरपूर होती. भारत संरक्षण नियमांखाली वृत्तपत्रांवर नियंत्रण आले. ऑल इंडिया रेडिओ सरकारच्याच हाती होता; पण युद्धाच्या सुरुवातीला साऱ्या देशात रेडिओचे परवाने एक लाखाच्या आत होते, त्यामुळे त्याचा आवाज मुख्यतः शहरांतील सुस्थित घरांपर्यंत पोहोचत असे. मार्च १९४२मध्ये सरकारने ‘नॅशनल वॉर फ्रंट’ नावाची मोहीम उघडली. पराभूत मनोवृत्ती हटवणे, अफवांना उत्तर देणे आणि शत्रूला मदत करणाऱ्यांविरुद्ध लोकांना सावध करणे ही तिची उद्दिष्टे होती.

चित्रपटाचाही वापर झाला. १९४०मध्ये फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन झाले आणि काही काळ व्ही. शांताराम त्याचे प्रमुख निर्माते होते. पुढे १९४३मध्ये ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ आणि ‘इंडियन न्यूज परेड’ ही वार्तापट मालिका सुरू झाली. मंजूर केलेले लघुपट मुख्य चित्रपटाबरोबर दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक करण्यात आले. अशा सक्तीने पडद्यासमोर प्रेक्षक मिळतो, पण त्याची संमती मिळत नाही. आपले मन वळवण्यासाठीच हे दाखवले जात आहे असे कळले की माणूस सावध होतो आणि खरी माहितीही संशयाने पाहू लागतो. प्रचाराच्या मानसशास्त्रातील हे एक मूलभूत निरीक्षण आहे.

भरती आणि अस्मिता

युद्ध संपेपर्यंत भारतीय सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली. ही सारी भरती ऐच्छिक होती. नियमित पगार, पोटभर अन्न आणि घरी पाठवता येणारा पैसा ही तिची मोठी कारणे होती. तरीही भरतीच्या आवाहनात प्रतीकांना मोठे स्थान होते आणि त्याचे ठळक उदाहरण नागपूरला लागूनच असलेल्या कामठीच्या छावणीत सापडते.

पहिल्या महायुद्धानंतर महार समाजाला लष्कराची दारे पुन्हा बंद झाली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ही मागणी सातत्याने लावून धरली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली आणि १९४२मध्ये दुसरी पलटण कामठीत उभारण्यात आली. रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा स्तंभ होता. ज्या समाजाला गावात पाणवठ्यावरही मज्जाव होता, त्याच्या तरुणाला त्या बिल्ल्यातून एक निश्चित संदेश मिळत होता : तू लढवय्यांचा वंशज आहेस.

जुलै १९४२मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि तिथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच महिन्यात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. नाझीवाद जिंकला तर माणसांच्या समतेची आशाच संपेल, अशी त्यांची युद्धाविषयीची भूमिका होती. एकाच शहरात एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात काही हजार लोक युद्धाला साथ देत होते आणि काही हजार लोक ‘चले जाव’ची तयारी करत होते. यांतील कोणीही नुसत्या प्रचाराला भुललेले नव्हते. संदेश लागू पडला तो ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या गरजेशी, अपमानाशी आणि आशेशी जुळल्यामुळे. रिकाम्या जमिनीवर प्रचार उगवत नाही. आधी असलेल्या भावनेला तो फक्त वाट काढून देतो.

अफवा

युद्धकाळात सर्वांत वेगाने पसरणारा संदेश कोणत्याही खात्याने लिहिलेला नसतो. जून १९४०मध्ये फ्रान्स पडल्याची बातमी आली आणि देशभर लोकांनी नोटा देऊन चांदीचे रुपये घेण्यासाठी गर्दी केली. सरकार बुडाले तर नोट म्हणजे कागद, पण चांदी ती चांदीच, हा त्यामागचा हिशेब होता. रुपये पेट्यांत आणि चुलीखाली गेले. बाजारात नाणी मिळेनाशी झाल्यावर सरकारला त्याच वर्षी एक रुपयाची नोट काढावी लागली आणि रुपयातील चांदीचे प्रमाणही घटवावे लागले. सरकारी पत्रकांत सारे काही ठीक होते, पण लोकांचा विश्वास कुठे आहे हे रुपयाने दाखवून दिले.

१९४२च्या सुरुवातीला १५ फेब्रुवारीस सिंगापूर पडले आणि मार्चमध्ये रंगून गेले. ब्रह्मदेशातून पायी परतलेल्या निर्वासितांनी आपले हाल गावोगावी सांगितले. ६ एप्रिलला विशाखापट्टण आणि काकिनाडा यांवर जपानी बॉम्ब पडले. किनाऱ्यावरच्या शहरांतून माणसे आतल्या गावांकडे निघाली. गाडीतून उतरणारा प्रत्येक पाहुणा एक बातमी घेऊन येई आणि ती पुढच्या घरी पोहोचेपर्यंत दुपटीने वाढलेली असे.

अफवांच्या अभ्यासात भारताचा वाटा मोठा आहे. १९३४च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी त्या काळात पसरलेल्या अफवांचा अभ्यास केला आणि १९३५मध्ये तो प्रसिद्ध केला. भूकंपाचा धक्का बसलेल्या पण फारसे नुकसान न झालेल्या भागात आणखी मोठ्या संकटाच्या वावड्या उठल्या होत्या. आधीच वाटत असलेल्या भीतीला कारण मिळावे म्हणून लोक भीतिदायक अफवा जवळ करतात, असा अर्थ पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी या नोंदींवरून काढला. १९४७मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी अफवेचे एक सूत्र मांडले : विषय जितका महत्त्वाचा आणि त्याबद्दलची माहिती जितकी संदिग्ध, तितकी अफवा बळकट. यांतील एक घटक शून्य झाला की अफवा मरते. युद्धात विषयाचे महत्त्व कमी करणे कोणाच्याच हाती नसते. संदिग्धता कमी करणे मात्र सरकारच्या हाती असते. मध्य प्रांतात १९४२मध्ये सरकारने नेमकी तीच वाढवली.

आकाशवाणीवरची लढाई

रेडिओला सरहद्द अडवत नाही. १९४२च्या सुरुवातीपासून बर्लिनहून आझाद हिंद रेडिओचे प्रक्षेपण सुरू झाले. इंग्रजी, हिंदी, बंगाली, तमिळ यांबरोबर मराठीतही बातम्या दिल्या जात. सिंगापूर पडल्यानंतर त्याच फेब्रुवारीत सुभाषचंद्र बोस स्वतःच्या नावाने बोलले; देशातून नाहीसा झालेला नेता वर्षभराने कानांवर आला. त्यांच्या गटाने चालवलेली इतर केंद्रे मात्र वेगळ्या नावांनी बोलत, जणू ती भारतातूनच चालतात असा भास होई. एकाच गटाकडून पांढरा आणि काळा प्रचार कसा निघतो, याचे हे उदाहरण आहे.

मार्च १९४२च्या अखेरीस विमान अपघातात सुभाषबाबूंचे निधन झाल्याची बातमी जगभर पसरली. गांधीजींनी त्यांच्या मातोश्रींना शोकसंदेश पाठवला. त्यानंतर सुभाषबाबूंनीच रेडिओवरून आपण जिवंत असल्याचे सांगितले. एका खोट्या बातमीची किंमत फार मोठी असते. ती उघडी पडली की त्याच तोंडून पुढे येणाऱ्या दहा खऱ्या बातम्यांवरही विश्वास बसत नाही.

इंग्रजांच्या बाजूने बीबीसीची पौर्वात्य सेवा काम करत होती. लेखक जॉर्ज ऑर्वेल १९४१ ते १९४३ या काळात तिथे नोकरीस होते. त्यांनी लिहिलेली साप्ताहिक वार्तापत्रे भाषांतरित होऊन भारतीय भाषांत प्रसारित होत. त्यांत मराठीही होती. मराठी वार्तापत्राच्या कामात वेणू चितळे यांचा मोठा वाटा होता. या वार्तापत्रांची भाषा संयत असे आणि ती पराभवही बऱ्याच अंशी कबूल करत. तरीही आपल्या श्रमाचे फळ दिसत नाही या भावनेने ऑर्वेल यांनी १९४३मध्ये राजीनामा दिला. लेखणी चांगली होती, मराठी आवाज चांगला होता. पण ज्या सत्तेच्या वतीने तो आवाज बोलत होता, तिने त्या वेळी देशातील नेत्यांना तुरुंगात ठेवले होते. श्रोता शब्दाआधी बोलणाऱ्याची पत पाहतो.

खंजिरी

विदर्भातील खेड्यांत रेडिओ क्वचितच होता आणि वाचणारेही थोडे होते. तिथे मनावर ताबा होता तो भजनाचा. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९मध्ये जन्मलेले तुकडोजी महाराज खंजिरीच्या तालावर हजारोंचा समुदाय तल्लीन करत. १९३५मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिल्यावर त्यांच्या भजनात देवभक्तीबरोबर ग्रामसफाई, व्यसनमुक्ती आणि देशकार्य हे विषय येऊ लागले. १९४२पूर्वी आणि त्या वर्षी आष्टी, चिमूर या भागांत त्यांची भजने झाली. सामान्य माणूसही परकीय सत्तेशी झुंजू शकतो हा त्यांचा आशय होता.

सामूहिक भजनाचा परिणाम मानसशास्त्राच्या अंगाने समजून घेण्यासारखा आहे. एका तालात टाळी वाजवणारा माणूस काही वेळ आपले एकटेपण विसरतो. आपल्यासारखे शेकडो आहेत हे त्याला डोळ्यांनी दिसते आणि धाक कमी होतो. ध्रुवपद पुन्हा पुन्हा म्हटल्याने संदेश न वाचता पाठ होतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो ओळखीच्या आणि आदराच्या माणसाकडून येतो. वॉर फ्रंटच्या पत्रकाला यांतील एकही गोष्ट साधत नव्हती. २८ ऑगस्ट १९४२ रोजी तुकडोजी महाराजांना अटक झाली आणि त्यांना नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. खंजिरीचे बळ सरकारने ओळखले होते, हे या अटकेवरून दिसते.

चिमूर आणि आष्टी

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत काँग्रेसचे नेते पकडले गेले. नागपुरात हरताळ, मिरवणुका आणि गोळीबार झाले. १६ ऑगस्टला नागपंचमी होती. त्या दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे मोर्च्यांवर गोळीबार झाला. आष्टीला सहा आंदोलक ठार झाले, चिमूरला बालाजी रायपूरकर हा तरुण पडला. खवळलेल्या जमावाने दोन्ही ठिकाणी पोलीस व सरकारी अधिकारी यांना ठार मारले. चिमूरचे रस्ते तोडले गेले आणि तीन दिवस तिथे सरकारचा अंमल उरला नाही. १९ ऑगस्टला लष्कर गावात शिरले. पुरुष पकडले गेले किंवा रानात पळाले; घरांत स्त्रिया आणि मुले राहिली. त्यानंतर सैनिकांनी लूट केली आणि स्त्रियांवर अत्याचार केले, अशा तक्रारी बाहेर येऊ लागल्या.

चिमूर नागपूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर. तरीही तिथे काय घडले हे नागपूरच्या वृत्तपत्रांना छापता येईना. सरकारने लोकांना गावात जाण्यावर आणि बातम्यांवर बंधने घातली. नागपुरातील महिला कार्यकर्त्यांचे एक पथक चिमूरला पोहोचले आणि त्यांनी पीडित स्त्रियांशी प्रत्यक्ष बोलून हकिकती टिपून घेतल्या. डॉ. बा. शि. मुंजे यांनीही चौकशीची मागणी उचलून धरली. मुंजे काँग्रेसचे नव्हते, हिंदू महासभेचे नेते होते. त्यामुळे ही केवळ काँग्रेसची बनावट आहे असे म्हणणे सरकारला अवघड गेले. प्रांतिक सरकारने मात्र चौकशी नाकारली.

याच सुमारास मुंबईत एक गुप्त केंद्र बोलू लागले होते. २७ ऑगस्ट १९४२पासून ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ ऐकू येऊ लागला. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी तो चालवत. राममनोहर लोहिया यांचे त्यास मार्गदर्शन होते. पोलिसांना ठिकाण सापडू नये म्हणून प्रक्षेपक सतत एका घरातून दुसऱ्या घरात हलवला जाई. वृत्तपत्रांना ज्या बातम्यांना हात लावता येत नव्हता, त्या या केंद्रावरून दिल्या गेल्या. त्यांत चिमूर-आष्टीची हकिकत होती. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी केंद्र पकडले आणि उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली. हा रेडिओ जेमतेम अडीच महिने चालला. तेवढ्यात त्याची पत निर्माण झाली, कारण लोकांना जे ऐकायचे होते आणि जे दुसरीकडे मिळत नव्हते, ते तिथे मिळत होते.

बर्लिन रेडिओने चिमूर स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले होते, अशी आठवणही चिमूर परिसरात अभिमानाने सांगितली जाते.

एका माणसाचे उपोषण

सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी यांनी चिमूरच्या स्त्रियांच्या तक्रारींची चौकशी व्हावी म्हणून आधी दिल्ली गाठली. यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. भन्साळींनी त्यांच्यापुढे हा प्रश्न ठेवला. दाद न मिळाल्याने ११ नोव्हेंबर १९४२पासून त्यांनी उपोषण आरंभले. सरकारने उपोषणाच्या बातम्या छापण्यास बंदी केली.

उपोषण हे अहिंसक मार्गाचे मानसिक अस्त्र आहे. त्यात शत्रूला इजा होत नाही. पण प्रत्येक उलटणाऱ्या दिवसाबरोबर पाहणाऱ्याच्या मनावरचा भार वाढत जातो. त्याची एकच अट असते, ते लोकांना कळले पाहिजे. म्हणून सरकारने उपोषणाला हात न लावता बातमीवर घाव घातला. परिणाम उलटा झाला. संपादकांच्या अखिल भारतीय संघटनेने बंदीचा निषेध केला आणि ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी प्रकाशन बंद ठेवले. नववर्षाच्या सरकारी पदव्यांची यादी आणि गव्हर्नरांच्या कार्यक्रमांची पत्रकेही त्यांनी छापली नाहीत. ज्यांनी चिमूरचे नाव ऐकले नव्हते, अशा शहरांतही त्या दिवशी वर्तमानपत्र का आले नाही हा प्रश्न पडला आणि उत्तरात चिमूर आले.

डॉ. ना. भा. खरे यांच्या मध्यस्थीनंतर १२ जानेवारी १९४३ रोजी, ६३व्या दिवशी, उपोषण सुटले. बातम्यांवरची आणि चिमूरला जाण्यावरची बंधने मागे घेण्यात आली. ज्या चौकशीसाठी उपोषण होते, ती तशी झाली नाही. पण चिमूरचे मौन सुटले.

दोन्ही बाजूंचे कथन

फेब्रुवारी १९४३मध्ये गांधीजींचे एकवीस दिवसांचे उपोषण चालू असताना भारत सरकारने १९४२च्या उठावाची जबाबदारी काँग्रेसवर टाकणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यात नेत्यांच्या भाषणांतील व लेखांतील उतारे निवडून मांडले होते आणि जमावाच्या हिंसेवर भर होता. सैन्याच्या वागणुकीविरुद्धच्या तक्रारींना तिच्यात न्याय मिळण्याचा प्रश्नच नव्हता. हा पांढरा प्रचार होता : सही उघड, कागदपत्रे खरी, पण निवड एकतर्फी. प्रचारातील असत्य पुष्कळदा खोट्या वाक्यात नसते, गाळलेल्या वाक्यात असते.

हीच कसोटी दुसऱ्या बाजूलाही लावली पाहिजे. चळवळीच्या पत्रकांत हुतात्म्यांची नावे आली. ठार झालेल्या शिपायांची आणि अधिकाऱ्यांची नावे आली नाहीत. त्यांतील बहुतेक याच मातीतली, पगारासाठी नोकरी करणारी माणसे होती. सातारा भागात चळवळीने उभारलेल्या प्रतिसरकारला ‘पत्रीसरकार’ हे नाव पडले ते फितुरांच्या पायांना पत्र्या ठोकतात या समजुतीतून. त्या समजुतीचा धाक प्रत्यक्ष शिक्षेपेक्षा कितीतरी दूर पोहोचला आणि चळवळीला त्याचा उपयोग झाला. न्याय्य बाजूनेही भीतीचा वापर केला होता, हे नोंदवल्याने तिची न्याय्यता कमी होत नाही.

चिमूर-आष्टी खटल्यांत अनेकांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. त्यांचे प्राण वाचवण्यासाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी सतत प्रयत्न केले. इथे प्रचाराचे रूप वेगळे होते. अर्ज, सभा, सह्या आणि नेत्यांच्या भेटी यांतून त्यांनी आकड्यांना माणसांचे चेहरे दिले. ‘फाशीचे कैदी’ या शब्दाने मन फारसे हलत नाही. एका आईचा एक मुलगा समोर आला की हलते. उरलेल्या कैद्यांच्या फाशीच्या शिक्षा १९४५मध्ये जन्मठेपेत बदलल्या गेल्या.

दडपलेल्या बातमीचे बळ

सुभाषबाबूंच्या नेतृत्वाखाली लढलेल्या आझाद हिंद फौजेची वाटचाल युद्ध चालू असताना देशातील वृत्तपत्रांतून जवळपास लपवून ठेवण्यात आली. सरकारी कागदपत्रांत तिच्या सैनिकांना जपान्यांचे हस्तक ठरवणारे नाव दिले गेले आणि भारतीय तुकड्यांचे मनोबल राखण्यासाठी १९४३पासून ‘जोश’ गट स्थापण्यात आले. युद्ध संपले, नियंत्रण उठले आणि नोव्हेंबर १९४५मध्ये तिच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात खटला सुरू झाला. तीन वर्षे अडवलेली हकिकत एकदम बाहेर पडली. ती वेळोवेळी, पराभवांसह, छापली गेली असती तर तिचा परिणाम विभागला गेला असता. साऱ्या देशाने ती एकाच वेळी ऐकली आणि सैन्याच्या निष्ठेवर उभे असलेले राज्य त्याने हादरले.

चिमूर, भन्साळी आणि आझाद हिंद फौज या तीनही प्रसंगांत यंत्रणा एकच होती आणि चूकही एकच. बातमी रोखल्याने घटना नाहीशी होत नाही. फक्त ती सांगण्याचा अधिकार दुसऱ्याकडे जातो.

स्वातंत्र्यानंतर

१९४८मध्ये नागपूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि सरकार लोकनियुक्त झाल्याने युद्धकाळातील संदेशाचे स्वरूप पालटले. १९६२च्या चीन युद्धात आणि १९६५च्या पाकिस्तान युद्धात तुकडोजी महाराज सीमेवर गेले आणि त्यांनी जवानांपुढे भजने गायिली. ज्या खंजिरीमुळे वीस वर्षांपूर्वी तुरुंग मिळाला होता, तीच आता सैन्याचे मनोबल राखत होती. वाद्य आणि गायक तेच होते. राज्य आपले झाले होते.

डिसेंबर १९७१मध्ये जनरल सॅम माणेकशा यांनी पूर्व पाकिस्तानातील सैनिकांना उद्देशून रेडिओवरून आणि विमानातून टाकलेल्या पत्रकांतून शरण येण्याचे आवाहन केले. सुटकेचे मार्ग बंद झाले आहेत आणि शस्त्र खाली ठेवणाऱ्यास सन्मानाने वागवले जाईल, असा त्याचा आशय होता. यातील पहिला भाग त्या सैनिकांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होता, म्हणून दुसऱ्या भागावर विश्वास बसणे सोपे गेले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सही झाली आणि सुमारे ९३ हजार जण युद्धकैदी झाले. शत्रूला उद्देशून केलेला सर्वांत परिणामकारक प्रचार खऱ्या परिस्थितीवर आणि पाळता येण्याजोग्या वचनावर उभा होता.

कायद्याची मर्यादा

शत्रूला चकवणे, खोटी हालचाल दाखवणे, त्याला संभ्रमात टाकणे या गोष्टी युद्धाच्या कायद्याने वर्ज्य नाहीत. विश्वासघात मात्र वर्ज्य आहे. जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पहिल्या पूरक करारातील ३७व्या कलमाप्रमाणे शरणागतीचे किंवा जखमी असल्याचे सोंग करून शत्रूला मारणे निषिद्ध आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे २०वे कलम तर युद्धाला चिथावणी देणाऱ्या प्रचाराला कायद्याने बंदी असावी असे सांगते. भारताने हा करार १९७९मध्ये स्वीकारला.

वाचकाची कसोटी

१९३७मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या प्रचार-विश्लेषण संस्थेने प्रचाराच्या सात युक्त्या सांगितल्या. वाईट नाव चिकटवणे, मोठमोठे मोघम शब्द वापरणे, आदरणीय प्रतीकाचा आधार घेणे, नामांकित माणसाची साक्ष काढणे, आपण तुमच्यातलेच आहोत असे भासवणे, सोयीची पाने निवडून मांडणे आणि सारेच येत आहेत तर तूही ये असे म्हणणे, या त्या युक्त्या होत. रेडिओच्या जागी मोबाइल आला, पत्रकाच्या जागी फिरवलेली चित्रफीत आली. यादी तशीच आहे.

युद्धाच्या दिवसांत हाती आलेल्या कोणत्याही बातमीला चार प्रश्न विचारता येतात. हे कोण सांगत आहे, आणि तो नाव लपवत आहे का? त्याला हे कसे कळले? यात कोणाचे दुःख गाळले आहे? आणि हे ऐकून माझ्या मनात जी भीती किंवा संताप उठला, त्याचा उपयोग कोणाला होणार आहे? १९४२मध्ये चिमूरला गेलेल्या नागपूरच्या स्त्रियांनी सरकारी पत्रकावर विसंबण्याऐवजी आणि अफवेवरही न थांबता, गावात जाऊन, समोर बसून, ऐकून घेतले. युद्धप्रचाराला आजवर याहून चांगले उत्तर सापडलेले नाही.